आमदार आणि विधेयक



 

नागरिकशास्त्र हा विषय आपल्या शाळांतून इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी येतो आणि बहुधा वर्षाच्या शेवटी, उरलेल्या तासांत, शिकवून संपतो. विधेयकाची तीन वाचने होतात, राज्यपालांची अनुमती मिळाली की विधेयकाचा कायदा होतो, एवढे उत्तर लिहिले की गुण मिळतात. त्या तीन वाचनांत कोण काय वाचतो, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. आज त्याच प्रश्नाचा विचार आपल्यासमोर मांडावा, असे मी योजिले आहे.

आपण ज्या सभागृहासाठी प्रतिनिधी निवडतो, त्याचे नाव विधानसभा. विधी म्हणजे कायदा. आमदाराचे पहिले काम कायदा करणे हे आहे, हे त्या नावातच सांगितलेले आहे. परंतु मते मागण्यासाठी दारी आलेल्या उमेदवाराला आपण काय विचारतो? रस्ता केव्हा होणार, नळाला पाणी केव्हा येणार, मुलाच्या नोकरीचे काय? हे प्रश्न खोटे नाहीत. गरजू माणूस आपली गरजच बोलून दाखवणार. पण गेल्या पाच वर्षांत आपण किती विधेयके वाचलीत, कोणत्या विधेयकाला दुरुस्ती सुचवलीत, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्या कामाचा हिशेब कोणी मागत नाही, ते काम हळूहळू मागे पडते. हा मनुष्यस्वभाव आहे आणि आमदार त्याला अपवाद कसे असतील?

विधेयक सभागृहात येते तेव्हा त्याच्यासोबत काय काय येते, ते आधी पाहू. मूळ मसुद्याला 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' जोडलेले असते. सरकारी तिजोरीवर भार पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन असते, आणि नियम करण्याचा अधिकार शासनाकडे सोपवायचा असेल तर त्याविषयीचे ज्ञापन असते. पुष्कळसे सदस्य उद्देशाचे निवेदन वाचून थांबतात, कारण ते सोप्या भाषेत असते आणि त्यात कोणाला विरोध करावासा वाटेल असे काही नसते. गरिबाला घर मिळावे, शेतकऱ्याला न्याय मिळावा, कारभार सुलभ व्हावा! परंतु न्यायालयापुढे उद्देशाच्या निवेदनापेक्षा कलमाच्या शब्दांचे वजन अधिक, आणि तलाठ्याच्या वा मामलतदाराच्या टेबलावर तर उद्देशाचा कागद नसतोच.

पहिले वाचन म्हणजे विधेयक मांडण्याची अनुमती. दुसऱ्या वाचनाचे दोन भाग असतात. प्रथम तत्त्वावर चर्चा होते आणि हवे तर विधेयक प्रवर समितीकडे पाठवता येते; नंतर एकेक खंड विचारात घेतला जातो. विधेयकात ज्याला खंड म्हणतात, तोच पुढे कायद्यात कलम होतो. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक संमत करायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. या क्रमात आमदाराची खरी कसोटी खंडशः विचाराच्या वेळी लागते. त्या वेळी भाषणाची ऐट चालत नाही. 'खंड सातमधील अमुक शब्द वगळावेत आणि त्यांच्या जागी अमुक शब्द घालावेत' अशी लेखी सूचना द्यावी लागते. ती देण्यासाठी खंड सात आधी घरी बसून वाचलेला असावा लागतो, आणि ज्या मूळ कायद्यात तो बदल करणार आहे, तो कायदाही शेजारी उघडा असावा लागतो.

एका शब्दाने काय होते, याचे उदाहरण शाळेत उभे राहून शिक्षणातलेच द्यावे हे उचित. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या मार्च महिन्यात केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अशासकीय सदस्याचे विधेयक होते. सक्ती देशभर लादावी असे त्यात नव्हते. स्थानिक संस्थांना ठरावीक अटींवर सक्ती करता यावी, इतकेच होते. तरीही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात तोच धागा उचलला आणि १९१८ साली मुंबई इलाख्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ही मोठीच कामगिरी होती. पण तो कायदाही म्युनिसिपालिट्यांना 'सक्ती करता येईल' असे सांगणारा होता, 'सक्ती केली पाहिजे' असे सांगणारा नव्हता. 'करता येईल' म्हटल्यावर ज्यांना करायचे होते त्यांनी केले आणि बाकीचे स्वस्थ बसले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून शिक्षण कायद्यात लिहिले गेले ते २००९ साली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजली तर ही ९९ वर्षे होतात. त्या ९९ वर्षांत किती पिढ्या पाटीवाचून राहिल्या, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घराण्यापुरता करून पाहावा.

ठराव आणि कायदा यांतला भेदही असाच समजून घेण्याजोगा आहे. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात ठराव संमत करून घेतला की, सरकारी पैशाने बांधलेल्या अथवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार ठरावही केला. परंतु चवदार तळ्याचे पाणी ठरावाने मिळाले नाही, म्हणूनच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. ठराव हे सभागृहाचे मत असते. त्याच्यामागे दंडाची, अपिलाची, अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याची तरतूद नसते. याचा अर्थ बोल्यांचा ठराव व्यर्थ गेला असा नव्हे, कारण सत्याग्रहाला त्याचाच नैतिक व सनदशीर आधार मिळाला. पण लोकांना हक्क द्यायचा असेल तर विधेयकाच्या कष्टाच्या वाटेनेच जावे लागते, हे त्यावरून कळते.

ती वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कशी चालून दाखवली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो, परंतु त्याआधी ते मुंबईच्या प्रांतिक कायदेमंडळाचे सदस्य होते, आजच्या भाषेत सांगायचे तर आमदार होते. १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून महारांना गावकीच्या वेठीतून सोडवावे, हा त्याचा आशय होता. विधेयक प्रवर समितीकडे गेले. १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्यानुसार, म्हणजे तीस वर्षांनी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. ते विधेयकही संमत झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा आहे. १९३८ साली औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा विरोधी बाजूने त्यांनी त्याची चिकित्सा केली, कामगारांच्या संपाच्या हक्कावर ते कसे घाला घालते ते दाखवले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. विधेयक तरीही संमत झाले.

या तिन्ही प्रसंगी आकड्यांच्या हिशेबात बाबासाहेब हरले. मग त्यांच्या श्रमाचे फलित काय? फलित असे की, जो प्रश्न गावकुसाबाहेर बोलला जात होता तो कलमांच्या भाषेत सभागृहाच्या दप्तरात नोंदला गेला. सरकारला उत्तर द्यावे लागले आणि ते उत्तर छापले गेले. पुढच्या पिढीतील विधायकाला कोरा कागद घेऊन बसण्याची गरज उरली नाही. अशासकीय विधेयकाचे मोल असे दीर्घ मुदतीचे असते. संसदेत स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदाच विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. शिवाय राज्याच्या संचित निधीतून खर्च होणार असेल तर घटनेच्या अनुच्छेद २०७ अन्वये राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात सरकारची संमती लागते. त्यामुळे अशासकीय विधेयक संमत होईल या आशेवर कोणी मांडू नये. प्रश्नाला आकार यावा म्हणून मांडावे. आपल्या गोव्याच्या विधानसभेत शुक्रवार हा अशासकीय कामकाजाचा दिवस असतो. त्या दिवशी सदस्य किती आणि कोणत्या तयारीने उपस्थित राहतात, यावरून विधिमंडळाचे आरोग्य ओळखता येते.

सभागृहातील माणूस चिकाटीने एका कल्पनेला कायद्यापर्यंत नेऊ शकतो, याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांचे आहे. मागेल त्याला काम द्यावे, हा विचार त्यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, अजमावून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर नेली गेली. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि योजनेला पैशाचा स्वतंत्र स्रोत मिळाला. त्यानंतर १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. क्रम लक्षात घ्यावा: आधी प्रयोग, मग योजना, मग पैशाची तजवीज आणि शेवटी कायदा. कायद्याची तारीख आणि अंमलाची तारीख यांत अंतर होते, हेही लक्षात घ्यावे. 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल' हे वाक्य अनेक विधेयकांच्या पहिल्या खंडात इतक्या सहजपणे येते की त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जागरूक आमदार तेथेच बोट ठेवून विचारतो, "तो दिनांक कोणता?" पुढे २००५ साली केंद्राच्या कायद्याने याच कल्पनेचा देशभर स्वीकार झाला.

आता आपल्या भूमीकडे वळू. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि ९ जानेवारी १९६४ रोजी तीस निर्वाचित सदस्यांची पहिली विधानसभा भरली. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर पहिले सभापती झाले. साडेचारशे वर्षे ज्यांचे कायदे लिस्बनहून येत होते, त्या लोकांनी स्वतःसाठी कायदे करण्याचा तो आरंभ होता. आणि आरंभीच्या वर्षातच त्यांनी हात कशाला घातला? कुळांच्या प्रश्नाला! १९६४ चा कूळ कायदा त्या सभागृहाने केला. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली, तिचा गाभा एका क्रियापदात आहे. २० एप्रिल १९७६ या दिवशी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असे 'मानण्यात येईल', अशी ती तरतूद आहे.

'मानण्यात येईल' या दोन शब्दांचे वजन केवढे ते पाहा. कुळाला भाटकाराकडे जाऊन जमीन माग, असे कायद्याने सांगितले नाही. मालकी त्या दिवशी बदलली, असे कायद्यानेच गृहीत धरले. या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळाले. १९८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गोव्याचे हे भूसुधारणा कायदे नवव्या अनुसूचीत समाविष्ट झाले. एवढे सगळे होऊनही आज अनेक कुळांच्या हाती सनद नाही, कारण मालकी मानली गेली तरी कूळ कोण हे ठरवणे, खरेदीची किंमत ठरवणे, ती भरून घेणे आणि दाखला देणे, ही कामे कचेरीत व्हायची होती. २०१४ साली दुरुस्ती करून कूळविषयक दावे मामलतदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेण्यात आले आणि अर्जासाठी मुदतही घालण्यात आली. त्यावर पुष्कळ असंतोष माजला. २०१७ मध्ये पुन्हा दुरुस्ती होऊन ते काम मामलतदारांकडे परत आले. सभागृहात दोन्ही दुरुस्त्या काही पानांच्याच असतील; पण त्यांच्यामधल्या तीन वर्षांत भातशेतीच्या बांधावरील माणसाने आपले कागद घेऊन कोणत्या दारात उभे राहायचे, हे त्या पानांनी ठरवले. पहिल्या वेळीच खंडशः विचार अधिक सावकाश झाला असता, तर हा हेलपाटा टळला असता, असे मला नम्रपणे वाटते.

घाईचे आणखी एक ताजे उदाहरण आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. ३० जुलै २०२१ रोजी, अवघ्या तीन दिवसांच्या अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले. विरोधी सदस्य त्या वेळी सभागृहाबाहेर होते. तीस वर्षे राज्यात राहणाऱ्यांना १ एप्रिल २०१९ पूर्वी बांधलेल्या लहान घरांची मालकी मिळण्याची सोय त्यात होती. विधेयकाच्या बाजूने म्हणणे असे होते की, पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराखालची जमीन नावावर नसलेल्या सामान्य माणसाला त्याने आधार मिळेल. विरोधात म्हणणे असे होते की, अनधिकृत बांधकामांना त्याने अभय मिळेल आणि भूमिपुत्र या शब्दाचा अर्थच पालटेल. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही होते. म्हणूनच ते प्रवर समितीपुढे, जाहीर सुनावणीत, साक्षीपुराव्यासह सांगितले जायला हवे होते. तसे न झाल्याने जी चर्चा सभागृहात व्हायची ती रस्त्यावर आणि वृत्तपत्रांत झाली, सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले आणि विधेयक अनुमतीपर्यंत पोहोचलेच नाही. यात जिंकले कोणीच नाही. ज्याचे घर खरोखर अडकले होते, तो होता तेथेच राहिला.

ही गोष्ट एका राज्याची वा एका पक्षाची नाही. अलीकडच्या वर्षांत देशातील राज्य विधानसभा वर्षाकाठी सरासरीने वीस-बावीस दिवस भरतात आणि जवळजवळ निम्मी विधेयके मांडली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत होतात, असे विधिमंडळांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या दिल्लीतील संस्थेच्या वार्षिक अहवालांतून दिसते. घटनेच्या अनुच्छेद १७४ ने दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे एवढेच बंधन घातले आहे. किती दिवस बसावे, हे घटनाकारांनी सदस्यांच्या विवेकावर सोपवले.

गोव्यात तर आणखी दोन कारणांनी सावधानता हवी. पहिले कारण सभागृहाच्या आकाराचे. १९८७ साली घटक राज्य झाल्यानंतर आपले सभागृह चाळीस सदस्यांचे झाले. मंत्रिमंडळ बारा जणांपर्यंत असू शकते. सभापती व उपसभापती वगळले तर विधेयकाकडे त्रयस्थ नजरेने पाहण्यास मोकळे सदस्य उरतात सव्वीस, त्यांतही सत्ताधारी पक्षाचे काही. मोठ्या राज्यात एखाद्याने वाचले नाही तर दुसरा कोणी वाचतो. येथे एकाने आळस केला तर तो खंड कोणीच वाचलेला नसतो. दुसरे कारण असे की, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विधान परिषद आहे, आपल्याकडे दुसरे सभागृह नाही. फेरविचाराची पायरी नसलेल्या घरात पहिल्याच पायरीवर पाय जपून ठेवावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, पक्षाचा आदेश असताना एकटा आमदार काय करणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, हे खरे आहे. परंतु तो कायदा विधेयक वाचण्यास बंदी करत नाही. पक्षाच्या बैठकीत मंत्र्याला प्रश्न विचारण्यास, समितीत दुरुस्ती सुचवण्यास, या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील कोठे, असे सभागृहात विचारण्यास तो आड येत नाही. मंत्र्याने दिलेले स्पष्टीकरण कामकाजाच्या वृत्तान्तात नोंदले जाते आणि पुढे त्याचा उपयोग होतो. सत्ताधारी पक्षाचा अभ्यासू सदस्य सरकारचा शत्रू नसतो. न्यायालयात पडू शकणारा कायदा वेळीच सावरणारा तो सरकारचा खरा हितचिंतक असतो.

साधनांचा अभाव मात्र खरा आहे. मतदारसंघातील लग्नकार्ये, अंत्ययात्रा, उद्घाटने आणि दिवसभर दाराशी बसलेली गर्दी सांभाळून रात्री मसुदा वाचायचा, आणि त्यासाठी सल्लागार नाही, संशोधक नाही. विधिमंडळाचे ग्रंथालय समृद्ध असावे, सदस्यांना अभ्यासासाठी प्रशिक्षित सहायक मिळावेत, ही मागणी नागरिकांनीच केली पाहिजे. त्यावर होणारा खर्च एका फसलेल्या कायद्याच्या खर्चापेक्षा निश्चित कमी असेल.

आता भाषेचा प्रश्न. मराठी शाळेत त्याविषयी बोललो नाही तर आपण मला क्षमा करणार नाही. घटनेच्या अनुच्छेद २१० नुसार राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत कामकाज चालते आणि ज्याला या भाषांत नीट व्यक्त होता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद केली. सभागृहात आपल्या भाषा ऐकू येतात, ही समाधानाची बाब आहे. पण विधेयकाचा मसुदा येतो तो इंग्रजीत, आणि अनुच्छेद ३४८ मुळे अधिकृत पाठही इंग्रजीच राहतो. भाषण आपल्या भाषेत आणि कलम परक्या भाषेत, अशी ही फाळणी आहे. जो माणूस सातवीपर्यंत मराठीत शिकला, त्याच्या जमिनीचा, घराचा, पंचायतीचा कायदा त्याला वकिलाकडून विकत समजून घ्यावा लागतो.

अधिकृत पाठ कोणता, हा वाद बाजूला ठेवूनही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. विधेयक मांडण्यापूर्वी पुरेसे दिवस त्याचा मराठी आणि कोकणी अनुवाद लोकांसाठी प्रसिद्ध व्हावा. त्यात कोणाच्या भाषेचा दुसऱ्याच्या भाषेवर विजय नाही. दोन्ही भाषांतील सामान्य वाचकाचा तो सारखाच हक्क आहे. अनुवाद करताना मसुद्यातील संदिग्ध जागाही उघड्या पडतात. इंग्रजीत खपून गेलेले गोलमाल वाक्य मराठीत आणताना अनुवादक अडतो आणि विचारतो, म्हणजे नेमके कोणी, काय, कधी करायचे? ज्या वाक्याचा अनुवाद होत नाही, ते वाक्य बहुधा पुन्हा लिहिण्याच्या लायकीचे असते.

माजी विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक सूचना करतो. आपल्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी अभियंते, डॉक्टर, शेतकरी, बँकेत नोकरी केलेले, कोणी निवृत्त मामलतदार कचेरीतले. अधिवेशनाची तारीख जाहीर होते आणि मांडलेली विधेयके उपलब्ध होतात. आपल्यापैकी पाच-सात जणांनी वर्षातून एक विधेयक निवडावे, या शाळेच्या ग्रंथालयात दोन संध्याकाळी बसून ते वाचावे, मराठीत त्याचा गोषवारा लिहावा, आणि आपल्या शंका व सुचवलेल्या दुरुस्त्या एका पानावर आपल्या आमदाराला नेऊन द्याव्यात. ते कोणत्या पक्षाचे आहेत हे पाहू नये. निवेदन देऊन छायाचित्र काढून परतू नये. अधिवेशन संपल्यावर पुन्हा जावे आणि त्या पानाचे काय झाले ते अदबीने विचारावे. एका मतदारसंघात असे दोन-तीनदा घडले तरी सदस्याला कळेल की, रस्त्याइतकीच खंडांचीही चौकशी करणारे लोक येथे आहेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना त्या बैठकीत कोपऱ्यात बसू द्यावे. नागरिकशास्त्राचा तो धडा त्यांच्या लक्षात राहील.

रस्ता खचला तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो. कायद्यातील चुकीचा शब्द मात्र सात-बारावर, एक-चौदावर, सनदेवर आणि न्यायालयाच्या निकालपत्रांत उतरत जातो आणि तो पुसायला कधी कधी माणसाचे आयुष्य पुरत नाही. खोतीच्या, वतनाच्या, कुळांच्या इतिहासाने आपल्याला हे शिकवले आहे. म्हणून ज्यांना आपण शब्द लिहिण्याचा अधिकार देतो, त्यांच्याकडे शब्दांचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्य ठरते.

अक्षर वळणदार असावे आणि त्याचा अर्थही कळावा, हा या शाळेचा जुना संस्कार आहे. तो विधिमंडळापर्यंत पोहोचवण्याचे काम तिच्या विद्यार्थ्यांनी करावे, अशी सदिच्छा व्यक्त करतो.